पायाखालचा गाळ

लखनऊला आम्ही नोकरीपायी आलो आणि इथलेच झालो. नवरा रेल्वेत इंजिनिअर, मी भूविज्ञान खात्यात. तीस वर्षं मी नद्यांचे काठ तुडवले आणि खात्याच्या जीपमध्ये पाठीचे मणके खिळखिळे करून घेतले. निवृत्तीनंतर एकच हौस बोलून दाखवली. दार लावलं की बाहेरचा गलका बंद होईल, खड्ड्यातून गेली तरी पाठीला कळणार नाही, अशी एक गाडी मला हवी होती. नवी झेपणारी नव्हती, म्हणून जुनी घ्यायचं ठरलं.

"एवढी मोठी गाडी आपल्याला काय करायचीय?" नवरा म्हणाला.

"आपल्याला नाही, मला."

हायवेवर वापरलेल्या महागड्या गाड्यांचं शोरूम होतं. तिथल्या मालकाने गाडी दाखवली ती माझ्या नवऱ्याला. "सर, पिकअप देखिए. सर, लेदर देखिए." नवऱ्याला गाडी चालवता येत नाही, हे मी दोनदा सांगितलं. मालक हसला आणि पुन्हा नवऱ्याकडेच वळून म्हणाला, "मैडम के लिए ऑटोमैटिक आराम का रहेगा, सर." मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण काळीभोर जर्मन गाडी होती, मी आत बसून दार लावलं, आणि हायवे खरोखर गप्प झाला. मी सही केली. आयुष्यभराच्या बचतीतला मोठा हिस्सा त्या सहीबरोबर गेला.

पहिला महिना सुखाचा गेला. मग एके सकाळी इंदिरा नगरच्या आमच्या गल्लीत गाडी मागच्या अंगाने जमिनीला टेकून बसलेली दिसली, थकलेल्या म्हशीसारखी. पुढच्या आठवड्यात महानगर भागातल्या चौकात चारही काचा आपोआप खाली गेल्या आणि भर रहदारीत हॉर्न वाजायला लागला, तो थांबेचना. लोक माझ्याकडे बघून हातवारे करत होते. एक स्कूटरवाला ओरडला, "आंटी, चलाना नहीं आता तो ड्राइवर रख लो!"

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या सल्लागाराने काहीतरी बदललं. पंधरा दिवसांनी पुन्हा काचा खाली. पुन्हा काहीतरी बदललं. तिसऱ्यांदा तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मैडम, कहीं आप बटन तो गलत नहीं दबा रहीं?"

डोंगरदऱ्यांत मी एकटीने जीप चालवली आहे. माझ्या हाताखाली माणसं होती, यंत्रं होती. आणि हा मला बटण शिकवत होता! तरीही घरी येऊन मी ते जाडजूड माहितीपुस्तक सबंध वाचलं, बोट ठेवून, शाळकरी मुलीसारखं. स्वतःवर शंका घेतली मी. त्याचा राग मला आजही सगळ्यात जास्त येतो.

शेवटी शेजाऱ्यांनी निशातगंजमधल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकचा पत्ता दिला. अशाच गाड्यांवर त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. त्यांनी ना बॉनेट उघडलं, ना यंत्र जोडलं. मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्टचा पट्टा ओढायला लागले. ओढत ओढत अगदी शेवटपर्यंत बाहेर काढला. वरचा भाग काळा स्वच्छ, आणि खाली एका सरळ रेषेपासून पुढे मातकट.

"बहनजी, यह गाड़ी कभी पानी में खड़ी रही है?"

"मला नाही माहीत," मी घाबरून मराठीतच बोलून गेले.

मग पुढे येऊन त्यांनी ड्रायव्हरच्या सीटखालचा गालिचा उचलला. फोमच्या खाली, तारांच्या जुडग्याभोवती, वाळलेला थर होता. भेगा पडलेला. मी त्यातली चिमूट उचलली, बोटांत चोळली, उन्हात धरली. मऊ, राखाडी, मधे अभ्रकाचे बारीक चकाकते कण. अशा गाळाचे नमुने मी उभा जन्म पिशव्यांत भरून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. तो पुराच्या पाण्यातून हळूहळू खाली बसलेला नदीचा गाळ होता. आणि मी चार महिने त्याच्यावर पाय ठेवून गाडी चालवत होते.

थोडा गाळ पिशवीत भरून घेतला आणि तिथून तडक वर्कशॉपमध्ये गेले. सल्लागाराला म्हटलं, "यह गाड़ी पहले आपके यहाँ आई थी क्या, देखिए." त्याने बघितलं. माझ्यासमोर त्याचा चेहरा उतरला आणि त्याने स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवून घेतली.

"पुराने मालिक की जानकारी हम नहीं दे सकते, मैडम."

"मालिक की नहीं चाहिए. गाड़ी की दीजिए. डूबी थी?"

त्याने स्क्रीन बंद केली. मग म्हणाला, "आपने कभी पूछा ही नहीं."

मी विचारलं नाही! तीन वेळा मी त्याच्यासमोर गाडी उभी केली, तीन वेळा त्याने ती स्क्रीन पाहिली असणार, आणि वर मलाच बटणांबद्दल विचारलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन शोरूम गाठलं. गाळाची पिशवी मालकाच्या टेबलावर ठेवली. तो म्हणाला, "एसी का पानी गिरता है मैडम, धूल जम जाती है."

"धूल ऐसी परत में नहीं बैठती," मी म्हटलं. आवाज चढला होता. गाड्या बघायला आलेले दोघंतिघं वळून बघायला लागले.

मालक नेहमीच्या सवयीने नवऱ्याकडे वळला. "सर, आप ही समझाइए इनको."

माझा नवरा फार बोलणारा नाही. तो म्हणाला, "गाड़ी इनकी है. और मिट्टी के बारे में इन्हें समझाना मेरे बस का नहीं."

मग कागद पुढे आला. 'जशी आहे तशी' असं त्यावर छापलेलं होतं आणि खाली माझी सही. मी ग्राहक आयोगात तक्रार केली. तारखांमागून तारखा. मालकाचा वकील म्हणाला, या बाई मातीच्या तज्ज्ञ आहेत, मोटारींच्या नाहीत. मला त्या म्हाताऱ्या मेकॅनिकची साक्ष हवी होती. ते हात जोडून म्हणाले, "बहनजी, मुझे मत घसीटिए. इन्हीं लोगों से मेरा काम आता है." मी त्यांच्यावरही चिडले, काहीतरी लागेल असं बोलून घरी आले. पण पुढच्या तारखेला ते इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर बसलेले होते, माझ्याआधी येऊन. मला बघून नुसती मान हलवली. त्यांचं लेखी निवेदन दाखल झालं आणि त्याच आठवड्यात मालक तडजोडीला तयार झाला.

गाडी परत, पैसे परत. फक्त करारात एक ओळ होती, की याबद्दल मी कुणाशीही, कधीही बोलायचं नाही. मी पेन काढलं आणि ती ओळ खोडली. त्याऐवजी लिहिलं, ही गाडी पुरात बुडालेली होती हे पुढच्या गिऱ्हाइकाला लेखी कळवलं जाईल.

"फिर तो मैडम, रकम कम होगी," मालकाचा वकील म्हणाला.

नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तू ठरव. मी आहे."

"कम कीजिए," मी म्हटलं आणि सही केली. या वेळी सगळं वाचून, दोनदा.

करारात लिहिलं, ते पैसे गाडी वापरल्याबद्दल कापले म्हणे. बुडालेली गाडी वापरल्याबद्दल! त्या कापलेल्या रकमेचा राग अजून उतरलेला नाही. परवा नागपूरहून नणंदेचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाली, "जाऊ दे वहिनी, आपल्याला कशाला हवी होती असली हौस?"

मी तिला शांतपणे सांगितलं, "हौस केली ती मी. लबाडी दुसऱ्याने केली. तू मला कशाचा जाब विचारतेस?" मग तिने विचारलं, आता कोणती गाडी बघताय? मी म्हटलं, जर्मनच. जुनीच.