ड्रमचं कुलूप आणि सुनेचा ब्लॉग

सन दोन हजार सोळा. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझ्या कमरेच्या करदोड्याला एक पितळी किल्ली बांधलेली असायची. किल्ली तिजोरीची नव्हती, पाण्याच्या ड्रमची होती. ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं. मला आता सवय आहे. ती कशी लागली तेच सांगायला बसलोय.

शेंद्र्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आमची कॉलनी. मी प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती आणि सोयरे म्हणाले होते, माळावर कोण जाऊन राहणार? बघता बघता माळावर तीन-तीन मजले चढले. कॉलनीला नाव आलं, कमान आली, कमानीला दिवे आले. पाइपलाइन तेवढी यायची राहिली. त्यात लागोपाठ दुष्काळ. बोअर घ्यायला गेलं तर खालून नुसता फुफाटा वर यायचा. मग टँकर. टँकरचा पाइप फाटकाच्या आत पोचायचा नाही, म्हणून प्रत्येकाचा निळा ड्रम गल्लीतच उभा. आमच्या ड्रमच्या झाकणाला लोखंडी पट्टी होती आणि त्या पट्टीला मी कुलूप घालत असे.

पाणी कोणी चोरत होतं का? नाय. पण कोणी चोरत नाही ते कुलपामुळंच, असं माझं म्हणणं होतं. आजही तेच आहे.

आमची सून सिल्लोडची. लग्नाआधी तिकडं शाळेत शिकवायची. इथं आल्यावर घर, लेकरू आणि टँकर. मला ती मामा म्हणते. ती पदवीपर्यंत शिकलेली आणि मी, लोक म्हणतात, चौथी नापास. ते खोटं आहे. मी चौथीच्या परीक्षेला बसलोच नाही, तर नापास कसा होईन?

टँकरची वाट बघत बायका गल्लीत उभ्या राहायच्या तेव्हा सून ड्रमला टेकून फोनवर अंगठ्यानं काहीतरी लिहीत असायची. मला वाटलं माहेरी गाऱ्हाणी चाललीत. पोरगा म्हणाला, "बाबा, ती ब्लॉग लिहिते." म्हणजे काय तर आपलं आपण लिहायचं, आणि ज्याला वाटंल त्यानं जगात कुठूनही वाचायचं. छापणारा नाही, विकणारा नाही. मी म्हणलं, मग वाचणारा तरी कशाला असंल?

होते पण. दुपारी ती आमच्या मंडळीला, म्हणजे तिच्या सासूला, वाचून दाखवायची. मी दिवाणावर पेपर धरून बसायचो. पेपर तेवढ्यासाठीच धरायचा असतो.

"अहो, मघापासून एकच पान धरलंय तुम्ही," मंडळी म्हणायची.

"बातमी मोठी आहे," मी म्हणायचो.

ती काय लिहायची? काहीच नाही म्हणा ना. टँकरवाला दोन प्रकारचे हॉर्न वाजवतो. लांब हॉर्न गल्लीसाठी, बारका हॉर्न कोपऱ्यावरच्या चहावाल्यासाठी, चहा टाक म्हणून. आधी बारका वाजला तर बायकांना वेणी घालायला वेळ मिळतो. आधी लांब वाजला तर अर्धी गल्ली मोकळ्या केसांनी धावते. आता हे दोन्ही हॉर्न मी रोज ऐकत होतो. पण सुनेनं वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी कान देऊन ऐकले, आणि बायकांच्या वेण्या आपसूक नजरेत आल्या, ही माझ्या वयाला न शोभणारी गोष्ट. दुसरं एक होतं. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी धुवायची, भाजीच्या पाण्यात फडकं, फडक्याचं पाणी कढीपत्त्याला. शेवटी लिहिलं होतं, आमच्या कढीपत्त्यानं घरातलं जेवण आमच्या आधी चाखलेलं असतं. हे ऐकून मंडळी हसली आणि मला पेपर तोंडाच्या आणखी जवळ घ्यावा लागला. परदेशातली एक बाई तर तिला खाली लिहून विचारायची, आज चहावाल्याचा हॉर्न आधी वाजला का? तिच्याकडं नळाला चोवीस तास पाणी असणार. तिला आमच्या टँकरचं काय पडलंय? पण विचारायची.

आमच्या गल्लीत एक रिटायर्ड हेडक्लार्क आहेत. त्यांचाही ब्लॉग. वर उगवत्या सूर्याचा फोटो आणि खाली सुख म्हणजे काय. त्यांनी मला एकदा बसवून तो सगळा वाचून दाखवला. सुख म्हणजे काय ते मला लेख संपल्यावर कळलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग सिल्लोडला लग्न निघालं, सुनेच्या माहेरच्या भावकीतलं. पोराला कंपनीत सुट्टी नाही, लेकराला ताप, म्हणून मी एकटाच गेलो. आमच्याकडं मुलीच्या बापानं मुलाच्या बापापुढं जरा वाकून असावं असा दस्तूर आहे. आमचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, मक्याचे अडते. वाकतात तेही, पण हसू दाबायला. पंगतीत मी बसलो होतो, जिलबी दुसऱ्यांदा आली होती, तेवढ्यात ते फोन हातात घेऊन आले.

"व्याही, जेवण पोटभर झालं ना?"

"झालं."

"पाणी प्यालात?"

"प्यालो."

"तुम्ही प्यालात हो. घरच्यांचं काय? किल्ली कुठंय?"

माझा हात आपोआप कमरेला गेला. किल्ली तिथंच होती. म्हणजे घराच्या दारात टँकर, टँकरपुढं ड्रम, ड्रमला कुलूप, आणि किल्ली सिल्लोडच्या पंगतीत जिलबी खात बसलेली.

व्याह्यांनी खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. माझी सून टँकरवाल्याला थांबवून घरातलं एक-एक भांडं बाहेर आणते. पातेली झाली, परात झाली, कुकर झाला, इडलीचं भांडं झालं, देवाचा तांब्या झाला. पाइपला अजून धार आहे. मग शेवटी ती सासऱ्याचा दाढीचा मग घेऊन येते.

सगळी पंगत हसली. वाढपी बादली खाली ठेवून हसला. पंगतीच्या टोकाचा एक म्हातारा, माझी ओळख ना पाळख, ओरडला, "पाव्हणं, मग उद्या दाढी कशात?"

व्याह्यांनी फोन खिशात टाकला आणि मला आणखी एक जिलबी वाढायला सांगितलं. मी ती खाल्ली. अन्नावर राग काढायचा नसतो. पण एसटीत बसल्यापासून घरी पोचेपर्यंत मी मनात भाषण तयार करत होतो.

"तू माझी इज्जत घालवलीस," मी दारातूनच म्हणलं.

"मामा, मी फक्त पाणी कशाकशात भरलं ते लिहिलं."

"मग माझा दाढीचा मग कशाला मध्ये?"

"त्यातच तर शेवटचं पाणी बसलं."

"खोटं लिहिलंय का तिनं काही?" मंडळी आतून म्हणाली.

"खोटं असतं तर मी तिथंच खोडून काढलं असतं! खरं आहे म्हणून तर पंचाईत."

मग मी हुकूम काढला. यापुढं घरातलं काही बाहेर जाणार नाही. लिहायचंच असंल तर मी सांगीन ते.

"बरं मामा," सून म्हणाली. सुनेच्या बरंला किती घड्या असतात ते सासऱ्याला उशिरा कळतं.

मी सांगायला बसलो. गावाकडं सप्त्याला, शाळेच्या गॅदरिंगला मी पुष्कळ भाषणं ऐकलेली, सुरुवात कशी करायची मला ठाऊक. सर्वप्रथम गणरायाला वंदन. मग ज्येष्ठ, श्रेष्ठ, तरुण मित्र आणि माता-भगिनी. मग आमचं घराणं, मूळ गाव, आजा, पणजा. सून अंगठ्यानं टाइप करत होती, चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती.

"पुढं मामा?"

"पुढं सत्कार."

"कोणाचा?"

हे मी ठरवलं नव्हतं. "वाचणाऱ्यांचा," मी म्हणलं.

दोन दिवस त्याखाली कोणी काही लिहिलं नाही. परदेशातली बाईसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी एकच ओळ आली, सिल्लोडहून. सत्कार पोचला, शाल-श्रीफळ पोस्टानं पाठवावे.

मी मागं हटणारा नाही. दुसरा लेख सांगितला, पाणी जपून वापरा. त्यात सगळी खरीखुरी आणि उपयोगी माहिती होती. ती ऐकता ऐकता मंडळीला झोप लागली, जिला कीर्तनात कधी डुलकी लागत नाही. उपयोगाचं होतं हे खरं. पण माझ्याच भिंतीवर चुन्यानं लिहिलं असतं तरी चाललं असतं, असं ते होतं. त्यात मी नव्हतो. गंमत बघा, माझं नाव चार ठिकाणी होतं आणि मी कुठंच नव्हतो. सुनेच्या लेखात माझं नाव एकदाही नव्हतं आणि सगळ्या पंगतीनं मला ओळखलं.

एक दिवस मंडळी म्हणाली, "सूनबाईनं बंद केलं ते."

"काय म्हणून?"

"एक ओळ टाकली. घरकाम वाढल्यामुळं लिहिणं थांबवतेय."

घरकाम? पाणीच नाही तर काम कुठून वाढणार? भांडी आम्ही राखेनं पुसून ठेवत होतो. एवढं सगळं लिहिलं तिनं, हॉर्न, वेण्या, कढीपत्ता, मग, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पहिलं खोटं लिहिलं ते माझ्यावर पांघरूण घालायला.

"तिचं एवढं एकच होतं हो इथं," मंडळी म्हणाली. "बाकी सगळं तर आपलंच आहे."

पुढच्या टँकरला मी फाटकात उभा राहून बघितलं. सून ड्रमला टेकून उभी. हातात फोन नाही. कोपऱ्यावर आधी बारका हॉर्न वाजला. बायका हसत वेण्या घालायला लागल्या. तिनं मान वर केली नाही. पाइप आला, ड्रम भरला, तिनं झाकण लावलं आणि माझ्याकडं न बघता कुलपासाठी बाजूला झाली. मी कुलूप घातलं. त्या दिवशी ते दाबताना जरा जड गेलं, गंजलं असंल.

त्याच संध्याकाळी दोघी गहू निवडत बसल्या होत्या. मी पेपर न घेता जाऊन बसलो.

"ते कुलपाचं वाच," मी म्हणलं. "मी पूर्ण ऐकलेलं नाय. तुझ्या वडलांनी जिलबीपुरतं वाचलं."

"कशाला मामा?"

"वाच म्हणतो ना."

ती वाचायला लागली. पातेली, परात, कुकर. हे माहीत होतं. मगाजवळ आल्यावर ती अडखळली. "वाच वाच," मी म्हणलं. मगाच्या पुढं व्याह्यांनी वाचलंच नव्हतं. पुढं होतं: सासूबाई सांगतात, बहात्तरच्या दुष्काळात मामा खडी फोडायला जायचे, तिथं मिळालेलं पाणी न पिता डब्यात घरी आणायचे. डब्याला झाकण नव्हतं. वर फडकं बांधायचे आणि गाठ स्वतःच सोडायचे, दुसऱ्या कोणाला सोडू द्यायचे नाहीत. आज ड्रमपुढं उभी राहून मला राग आला होता. मग भरताना तो गेला. ज्याची गाठ तशी होती त्याचं कुलूप असंच असणार.

गहू निवडायचे थांबले होते. दोघी माझ्याकडं बघत होत्या. आता म्हातारा काहीतरी बोलंल, अशी त्यांची अपेक्षा. मी घसा साफ केला.

"यात चूक आहे," मी म्हणलं.

"कुठं?"

"खडी फोडायला तुझी सासू होती. मी बंधाऱ्यावर माती टाकत होतो. हे दुरुस्त झालं पाहिजे."

"बघा, म्हणजे मी पण होते त्यात," मंडळी म्हणाली. "मला पण घाल गं."

"पण मामा, ते तर आता बंद आहे," सून म्हणाली. तिच्या तोंडावर हसू येऊ की नको करत होतं. "दुरुस्त कसं करणार?"

"जगात कुठूनही लोक वाचतात म्हणतेस ना? मग चूक तशीच ठेवायची? उघड ते."

"अन् उघडल्यावर? पुढचं तुम्ही सांगणार का?"

"मी कशाला सांगू? मला पेपर वाचायचा असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी बारका हॉर्न वाजला. मी सुनेच्या आधी बाहेर पडलो, करदोड्याची किल्ली लावून कुलूप काढलं आणि रांगेत ड्रमपाशी तिच्या जागेवर उभा राहिलो. हेडक्लार्क गॅलरीतून बघत होते. सून रिकामी पातेली घेऊन आली तेव्हा मी तिला फाटकाच्या पायरीकडं बोट दाखवलं. "तिथं बस. फोन आण." टँकर आला. पाइप धरायचं काम दिसतं तेवढं सोपं नाही हे मला तेव्हा कळलं. धार आली ती आधी माझ्या धोतरावर, मग टोपीवर, आणि मग ड्रममध्ये. सगळी गल्ली हसायला लागली. मी ओला पाइप दोन्ही हातांनी धरून मागं वळून ओरडलो, "हे लिहायचं नाय, सांगून ठेवतो!" पण तिचा अंगठा चालू झालेला होता.