तिकडचं तिकडं

आमच्याकडं कोर्टाची तारीख कुणी एकट्यानं करत नाही. भावकी जाते. दोन जीपा भरून, कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून माणसं शिरूरच्या कोर्टाच्या आवारात उभी राहतात. आत कुणाला बोलायचं नसतं, नुसतं दिसायचं असतं. धाकट्या भावाच्या केसलाही तसंच चाललं होतं. मी दौंडला नोकरीला, त्यामुळं रजा मिळत नाही असं सांगून टाळत आलो होतो. त्या दिवशी मात्र साक्ष माझीच होती.

भाऊ ओमानमध्ये बांधकामावर सुपरवायझर होता. तिथं हाताखालच्या एका बिहारी कामगाराला त्यानं लोखंडी गजानं मारलं, त्याचा उजवा हात कायमचा निकामी झाला. तक्रार व्हायच्या आत भाऊ विमानात बसून घरी आला. "तिकडचं तिकडं. हितं कोण इचारतंय?" असं आमचे चुलते, आप्पा म्हणाले आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. आपला माणूस परदेशात गुन्हा करून आला तरी दिल्लीच्या परवानगीनं इथं खटला चालतो, हे वकिलानं सांगितलं तेव्हा आप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

माझं काम सोपं होतं. भावाचा त्या दिवशी फोन आला, कामगार मशीनमध्ये सापडला म्हणून तो रडत होता, एवढंच सांगायचं. खरं तर तो रडला नव्हता, हसला होता. "एकाला असा हाणलाय, बाकीचे आपोआप सरळ झाले," म्हणाला होता.

आईही त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. भाऊ आणि भावकी वकिलाबरोबर चहाला गेली. मी आणि आई लिंबाखाली बसलो. शेजारी एक जोडपं हिंदीत बोलत होतं. आमच्या गावात हिंदी कानावर पडली की तो मजूर, आणि मजूर दिसला की कामाचं विचारायचं, ही रीतच. आईनं भाकरीचं फडकं सोडता सोडता विचारलं, "कामाला येता का गं? आमच्या निमोण्याला कांदा काढाया मान्सं न्हाईत. जेवान आमचंच."

बाई हसली. तारखांसाठी आम्ही शिक्रापूरला खोली घेऊन राहतो, मी कंपनीत पॅकिंगला जाते, असं तिनं मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. आईनं दोघांना भाकरी आणि ठेचा दिला. नवऱ्यानं भाकरी डाव्या हातानं घेतली. उजवा मांडीवर तसाच पडून होता, बोटं आत वळलेली. मला कळलं.

"हाताला काय झालं रं बाबा?" आईनं विचारलं.

"परदेस में साहब ने मारा, माताजी."

"मुडदा बशिवला त्याचा!" आई म्हणाली. "आईबापानं वळान लावलं न्हाई का काय मेल्याला?"

मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. आईला गप्प करावं, की त्या माणसाचे पाय धरावेत? मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. ठेचा पुढं सरकवला आणि पुकारा होईपर्यंत खाली मान घालून बसलो.

आत गेल्यावर ते दोघं सरकारी वकिलामागच्या बाकावर बसले. आई त्यांच्याकडं बघून ओळखीचं हसली. मी पिंजऱ्यात चढलो. आमच्या वकिलानं पढवलेला प्रश्न विचारला, आणि माझ्या तोंडून खरं ते बाहेर पडलं. गज, हसणं, सरळ झालेले बाकीचे, सगळं. भावकीत कुजबुज झाली. भाऊ माझ्याकडं बघतच राहिला. मग सरकारी वकील उठले. "यावर तुम्ही फोनवर काय म्हणालात?"

"जपून राहा, म्हणालो."

परतीच्या जीपमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही, आई सोडून. मला वाटलं, ती पोटच्या पोराला गोत्यात आणलं म्हणून शिव्या देईल. शिरूर मागं पडलं. रिकामं फडकं तिनं मांडीवर घडी करून ठेवलं होतं.

"त्यो हासत हुता," ती शेवटी म्हणाली, "आन् तू नुसतं जपून म्हनलास?"