कोयता हाताला बसवणारे काका

“हात दे,” असं म्हणून काका गिऱ्हाइकाचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि डोळे मिटायचे. नावगाव नंतर. आधी हात. समोर वांगणीचा शेतकरी असो, निर्वासितांच्या कॅम्पातला सिंधी लाकूडवाला असो, की कारखान्यातला साहेब, काका सगळ्यांना अरेतुरेच करत.

एकदा एका साहेबाला ते लागलं. बंगल्याच्या कुंपणाची मेंदी छाटायला त्यांना कोयता हवा होता. काकांनी त्यांचा तळवा चाचपला, सोडून दिला आणि म्हणाले, “हा हात कोयत्याचा नाही. माळ्याचा हात आण.” साहेब लाल झाले. दुसऱ्या दिवशी मात्र माळी मुकाट्याने आला.

मोरिवलीला, गावाच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये आमचा छोटा कारखाना होता. फाळणी होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मालक स्वतः भट्टीवर पातं घडवायचे. मी सुतार, मुठी करायचो. आणि तयार झालेला प्रत्येक कोयता पारखून तो ज्याचा त्याच्या हाताला बसवायचं काम काकांचं. पन्नाशीचे असतील. बदलापूरहून रोज यायचे. घरचं कधी बोलले नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही.

त्यांची पारख साधी नव्हती. बाभळीच्या ओंडक्यावर घाव घालायचे, पण स्वतःसारखे नाही. गिऱ्हाइकासारखे. वांगणीचा तो शेतकरी पाठीत वाकलेला होता. काका त्याला शेडभर चालायला लावून पाहत राहिले, आणि मग स्वतः वाकले. नुसते वाकले नाहीत, त्यांचा श्वासही त्याच्यासारखा धापेचा झाला. तसेच दहा-बारा घाव घालून मला म्हणाले, “मूठ दोन बोटं कमी कर. खांद्यात कळ येते याच्या.” शेतकऱ्याने खांद्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. तो घाबरून माझ्याकडे पाहायला लागला.

आम्ही हसायचो. काही माणसांना नकला साधतात, तसंच हे, असं आम्हाला वाटायचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पण नक्कल करणारा मधूनमधून आपल्याकडे पाहतो, आपण हसलो का ते बघतो. काका कधीच पाहायचे नाहीत. त्या वेळी हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत.

मग कॅम्पातली ती बाई आली. पस्तिशीची, पापड लाटून पोट भरणारी. तिने फडक्यातून एक जुनी लाकडी मूठ काढली. पातं नव्हतंच. सिंधमध्ये नवऱ्याची खजुराची झाडं होती, ही त्याच्या कोयत्याची मूठ. निघताना घाईघाईत गाठोड्यात जे आलं त्यात ही आली, आणि नवरा मात्र वाटेत गर्दीत चुकला. तो येणार याची तिला खात्री होती. आला की रिकामा बसणारा माणूस नाही तो, म्हणून कोयता तयार हवा, असं तिने हिंदीत सांगितलं. काकांना ती ‘अदा’ म्हणायची. सिंधीत म्हणजे भाऊ.

द्यायला हात नव्हता. काकांनी ती मूठच हातात घेतली. झिजलेल्या खळग्यांत बोटं टेकवून पाहिली, मग ती डाव्या हातात घेतली आणि डोळे मिटले. तो माणूस डावखुरा असल्याचं बाईने सांगितलं नव्हतं.

नवं पातं आणि तशीच घडवलेली मूठ तयार झाल्यावर काका ओंडक्यापुढे उभे राहिले. मान जराशी उजवीकडे कलली. डावा हात वर गेला. घाव घालण्याआधी त्यांनी जिभेने टक् असा आवाज केला. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बाकावर बसलेल्या बाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग एवढंच म्हणाली, “वही है.”

भरदुपारचं ऊन होतं, मालकांचा भाता चालू होता, तरी शेडमध्ये आणखी कोणी आल्यासारखं वाटत राहिलं.

तेव्हापासून ती दर मंगळवारी यायची. कोयता बसला का, विचारायची. काका म्हणायचे, “अजून नाही.” मग तिच्यासमोर पुन्हा दहा-वीस घाव. ती पाहायची आणि उठून जायची. असे पाच-सहा महिने गेले. काका आता डाव्या हाताने जेवायला लागले होते. शेजारी बसणाऱ्याने नाक मुरडलं, तेव्हा त्यांनी चकित होऊन आपल्या हाताकडे पाहिलं.

एकदा न राहवून मी म्हणालो की काका, कोयता तर पहिल्याच दिवशी बसला होता. बाईला उगाच आशा लावताय, आणि स्वतःचं काय करून घेताय ते तुम्हालाच दिसत नाही.

ते धार तपासत होते. म्हणाले, “ती बघते तेवढा वेळ तो असतो. मी कोण नको म्हणणारा?”

पुढे आश्विनातल्या एका मंगळवारी ती नेहमीसारखी बाकावर बसली होती. काकांची मान कलली, हात वर गेला, आणि तो वरच राहिला. मी मूठ तासायची थांबवली. काकांची मान हळूहळू सरळ झाली. हाताकडे त्यांनी असं पाहिलं, की जणू कोणी तो त्यांच्याकडे ठेवायला दिला होता आणि आता ओळख न देता निघून गेला होता. कोयता त्यांनी अलगद खाली ठेवला.

“बाई,” ते म्हणाले, “कोयता बसला. घेऊन जा.”

बाई त्यांच्याकडे पाहत राहिली. उठली, तिने ओंडक्याशेजारी ठेवलेली जुनी मूठ पदरात बांधली आणि नवा कोयता तिथेच ठेवून बाहेर पडली.

दिवाळीनंतर ती एकदाच आली, दारातूनच बोलली. जोधपूरहून कुणा नातेवाइकाचं पत्र आलं होतं. नवरा तिकडच्या छावणीत होता, बायकोला भलत्याच शहरांत शोधत होता. आश्विनात तापाने गेला. वार कोणता ते पत्रात नव्हतं. मी काकांकडे पाहिलं, तर ते मान खाली घालून म्हणाले, “मला काही कळलं नव्हतं रे. फक्त हात मोकळा झाला, एवढंच कळलं.”

त्यानंतर त्यांनी थोडेच कोयते पारखले. छातीचं दुखणं निघालं, येणं बंद झालं. ते गेल्याची बातमी आम्हाला उशिरा कळली. बदलापूरला त्यांच्या घरी मी एकटाच गेलो.

काकूंना मी पहिल्यांदाच भेटत होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की काकांची चाल मोठी ताठ, स्टेशनवरून शेडपर्यंत आम्हा पोरांच्या बरोबरीने यायचे.

काकूंनी कोपऱ्यात उभी केलेली काठी दाखवली.

“लहानपणापासून एक पाय अधू होता त्यांचा,” त्या म्हणाल्या. “घरात या काठीशिवाय चुलीपर्यंतसुद्धा जाता यायचं नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?”

मी नाही म्हणून मान हलवली. आठ वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं होतं.

“सकाळी उंबऱ्यावर उभे राहायचे,” काकू म्हणाल्या. “रस्त्याने कोणी जाईपर्यंत थांबायचे. कोणी दिसलं, की काठी भिंतीला लावायचे आणि त्याच्या मागोमाग त्याच्यासारखे चालत निघून जायचे.”

बाहेर रस्त्यावर कोणाच्या तरी वहाणा वाजल्या. काकू बोलता बोलता थांबल्या. तो आवाज दारावरून पुढे जाईपर्यंत आम्ही दोघंही उंबऱ्याकडे पाहत राहिलो.