वहीतला खोटा शेरा

रक्तातली साखर मोजणारा ग्लुकोमीटर तीनशे बेचाळीस दाखवतो आणि समोर उभी असलेली तुमची मुलगी म्हणते, मी काहीही खाल्लेलं नाही. तुम्ही कोणाचं खरं मानाल?

उत्तराची घाई करू नका. माझ्या वडिलांनी घाई केली होती, आणि माझ्या ओळखीतला सगळ्यांत विचारी माणूस तेच होते.

मी बारा वर्षांची असताना बारामतीच्या एका दवाखान्यात डॉक्टर त्यांना म्हणाले, "साखर पाचशेच्या वर आहे. आत्ता ॲडमिट करा. आजपासून इन्सुलिन. रोज, आयुष्यभर." वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. ते उभे होते, ते बाकावर बसले. आईने विचारलं, "आयुष्यभर म्हंजी किती दिस?"

त्याआधी तीन आठवडे मला तहान लागत होती. दर तासाला लघवीला जावं लागे. वर्गातल्या बाईंना वाटायचं मी नाटक करते. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला, तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात आलं.

टाइप वन डायबेटिस म्हणजे काय, ते सरळ सांगते. पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीर स्वतःच मारून टाकतं. इन्सुलिन नसेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही, साखर रक्तातच साचत राहते. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही, आणि कारल्याच्या रसाने जातही नाही. हे मी शेकडो वेळा सांगितलं आहे. तरी आमच्या पळसदेवमध्ये एक आजोबा मी दिसले की म्हणायचे, "आरं, साखर कारखान्याला घालायची आसती, पोरीच्या अंगात कशापायी घातली?" सगळे हसायचे. मीही हसायचे.

तात्यांचं इंदापुरात मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी उघडून ते नव्याने तार भरायचे. उरलेल्या वेळात ते पत्रकं लिहायचे. धरणात गेलेल्या जमिनींवर, भोंदू बाबांवर, हुंड्यावर. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आठवडी बाजारात त्यांच्या मागे गठ्ठा घेऊन फिरायचे. एक पत्रक गुलाबी कागदावर होतं, "पाळी म्हणजे विटाळ नव्हे!" ते मी नऊ वर्षांची असताना भाजीवाल्या बायकांना वाटलं होतं. आमच्या घरात कोणी बाजूला बसत नव्हतं. आई चारही दिवस स्वयंपाक करायची आणि तात्यांना त्याचा अभिमान होता.

माझ्या आजाराची वही तात्यांनीच सुरू केली. लांब, दोनशे पानी. पट्टीने आखलेले रकाने: सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना, इन्सुलिनचे युनिट, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात ते लिहायचे, "शाळेत धावण्याची शर्यत", "सर्दी", "जेवायला उशीर". बोट टोचून मी आकडा सांगायचे, ते लिहायचे. मोटारीच्या वेढ्यांचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाची ती वही होती. तीत खाडाखोड नव्हती.

चौदाव्या वर्षी मला पाळी आली. आईने कपाटातून पॅड काढून दिलं आणि हळूच म्हणाली, "तात्यांस्नी सांगत बसू नगंस. बायकांचं बायकांत ऱ्हाऊ द्यावं."

त्यानंतर वही बिघडली.

महिन्यातले पाच-सहा दिवस साखर चढायची. तेच जेवण, तेवढंच इन्सुलिन, आणि मशीन दोनशे ऐंशी, तीनशे दहा, तीनशे बेचाळीस दाखवायचं. मग एके सकाळी ती धाडकन खाली यायची. त्याच सकाळी पाळी आलेली असायची. तीन-चार महिन्यांत मला अंदाज आला होता. माझ्याकडे वही होती, पेन होतं, शेऱ्याचा रकाना होता. पण वही तात्यांची होती.

दर तीन महिन्यांनी आम्ही एसटीने बारामतीला जायचो. तिथे एचबीए-वन-सी ही तपासणी व्हायची. मागच्या साधारण तीन महिन्यांत साखर सरासरी किती राहिली, ते त्यात कळतं. माझा आकडा वाढलेला. डॉक्टरांनी वहीची पानं उलटली. बोलले ते तात्यांशीच. "मुलगी चोरून खाते. या वयात सगळेच खातात. आकडे खोटं बोलत नाहीत." सगळ्या वेळचं इन्सुलिन त्यांनी वाढवलं आणि म्हणाले, "घरात लक्ष ठेवा."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. शेजारच्या खुर्चीत तात्या होते. आलं तसं गिळलं.

परतीच्या गाडीत तात्यांनी भिगवणपर्यंत वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. मग म्हणाले, "तू पुरावा मागायला शिकलीस म्हनून मला लई बरं वाटायचं. आता पुरावाच तुज्या इरुद्ध हाय, मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी साखर, गूळ, शेंगदाण्याची चिक्की, सगळं लोखंडी कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या खिशात. माझं दप्तर रोज तपासलं जाऊ लागलं. तात्या ते माझ्यासमोर करायचे, लपून नाही. "लपून करनं बरं न्हाय," असं म्हणायचे. मला त्यापेक्षा त्यांनी लपून केलेलं परवडलं असतं.

हायपोग्लायसेमिया, म्हणजे रक्तातली साखर फार खाली जाणं, हा आमच्या आजारातला तातडीचा धोका. हात कापतात, घाम फुटतो, डोकं चालेनासं होतं. लगेच साखर पोटात गेली नाही तर माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जातो. तात्यांना हे माहीत होतं. म्हणून त्यांनी ग्लुकोजच्या पावडरीचा एक डबा बाहेर ठेवला होता. पण वाढवलेलं इन्सुलिन पाळीच्या दिवसांत मला झेपत नव्हतं. त्यानंतरच्या पाळीत तीनदा हायपो झाला आणि तीनदा मी त्या डब्यातली पावडर खाल्ली. डबा संपला. मी सांगितलं नाही. रिकामा डबा हा माझ्याविरुद्ध आणखी एक पुरावा झाला असता.

पुढच्या पाळीचा पहिला दिवस. पोट दुखत होतं म्हणून शाळेत गेले नव्हते. सकाळी साखर शहाण्णव होती. वहीत लिहिलेलं इन्सुलिन मी पूर्ण घेतलं, कारण कमी घेतलं असतं तर कारण लिहावं लागलं असतं. अर्धी भाकरी ताटातच राहिली. आई कांद्याच्या लागणीला गेली होती. तात्या इंदापुरात.

अकराच्या पुढे घाम फुटला. मी कपाटापर्यंत गेले आणि कुलूप हातात धरून खाली बसले. त्यापुढचं मला नीट आठवत नाही.

शेजारच्या शेवंताकाकू ताक द्यायला आल्या. त्यांच्याकडे तेव्हा चार मेंढरं होती आणि अशक्त जीव पाहून ओळखायची नजर होती. "आगं, गार पडलीय की पोर! डोळं उघड, माज्याकडं बघ!" मी बघू शकत होते, गिळू शकत होते, हे माझं नशीब. त्यांनी आपल्या घरातून गूळ आणला, पाण्यात कालवला आणि घोटघोट पाजला. मग कोणाच्या तरी जीपमधून इंदापूरला.

सलाइन चालू असताना तात्या आले. हाताला तारेचं काळं लागलेलं तसंच. शेवंताकाकूंनी त्यांना दारातच धरलं. "तात्या, गावाला श्यानपन शिकीवताय आन् सोताच्या पोरीच्या तोंडाला कुलूप लावताय व्हय? मेली आसती की वो!"

किल्ली खिशातून काढून तात्यांनी आईच्या हातात दिली. मग माझ्या उशाशी बसले. इतक्या हळू आवाजात ते कधी बोलत नसत.

"कुलूप माजी चूक. न्हाय लावनार पुन्यांदा. पन तू बी एक खरं सांग. खाल्लं व्हतंस ना मधनंमधनं? मी रागावनार न्हाय."

आई भिंतीकडे पाहत होती. माझं पोट दुखत होतं. सांगायला दोन शब्द पुरले असते.

मी म्हणाले, "व्हय. खाल्लं."

"काय?"

"पेढं. मैत्रिणीच्या वाढदिवसाचं."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मलाही सुटल्यासारखं वाटलं. चोर ठरणं मला सोपं गेलं. विटाळ नसतो हे ज्यांच्याकडून शिकले, त्यांना माझी तारीख सांगणं जमलं नाही.

त्या दिवसाच्या शेऱ्यात तात्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: "गोड खाल्ले होते. स्वतः कबूल केले. पुढे विश्वास ठेवावा."

त्यांनी तो ठेवला. साखर चढली की ते माझ्याकडे पाहायचे, काही विचारायचे नाहीत, आकडा लिहायचे. शेऱ्याचा रकाना कोरा सोडायचे. तो कोरा रकाना मी आणखी दोन वर्षं रोज पाहिला.

मी बारावीत असताना तात्या दुकानात, उघडलेल्या मोटारीसमोर, हृदयविकाराने गेले. मला दवाखान्यात पोहोचवलं तसं त्यांना पोहोचवायला कोणाला वेळच मिळाला नाही.

मी कॉलेजसाठी बारामतीला वसतिगृहात आले. वही माझी मीच आखू लागले, त्यांच्यासारखीच. जुने डॉक्टर आता नव्हते, एक डॉक्टरबाई होत्या. पहिल्याच भेटीत वही पाहून त्यांनी विचारलं, "पाळी नियमित येते? मागची तारीख काय?"

मी वळून शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती.

त्यांनी पेन्सिलीने माझ्या आकड्यांवर खुणा केल्या आणि समजावलं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक, म्हणजे शरीरातलं निरोप पोहोचवणारं द्रव्य, वाढलेलं असतं. पुष्कळ जणींमध्ये त्या दिवसांत इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि साखर चढते. पाळी सुरू झाली की ते उतरतं, आणि तेवढंच इन्सुलिन जास्त ठरतं. "सगळ्यांना होत नाही, पण होतं. हे तुम्हाला आधी कोणी विचारलं नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही सांगितलं नाही?"

मी वही मिटून पिशवीत ठेवली. वसतिगृहाच्या रस्त्याने येताना बाजार समितीच्या भिंतीला टेकून मी किती वेळ उभी होते, माहीत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले आणि ट्रंकेतून तात्यांच्या वह्या काढल्या. लाल पेनाने चढलेल्या आकड्यांना गोल केले. चढ, चढ, चढ, आणि मग खाली. पुन्हा अठ्ठावीस दिवसांनी. मग सत्तावीस. मग तीस. पानामागून पान. तीन वर्षं तात्या माझ्या पाळीच्या तारखा स्वतःच्या हाताने लिहीत होते आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

आई चहा घेऊन आली. "काय गं खुना करतीस त्येंच्या वहीत?"

मी तिला सगळं सांगितलं. पेढ्यांचंही. ती ऐकत राहिली. चहा गार झाला. मग म्हणाली, "म्हंजी त्ये लिवत व्हते, आन् आपुन दोघी गप."

तो खोटा शेरा मी खोडलेला नाही. त्यावर लाल पेन उचललं होतं. अक्षर त्यांचं आहे. त्यातली शेवटची तीन शब्दांची ओळ मला हवी आहे, आणि ती माझ्या खोटेपणाशिवाय मिळत नाही.

आता मी काय करते ते सांगते, कारण हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखी कोणी असेलच. वहीत तारीख लिहिते. पाळीच्या पाच दिवस आधीपासून जास्त वेळा साखर तपासते. त्या दिवसांत जास्त वेळ काम करणारं इन्सुलिन किती वाढवायचं, आणि पाळी आली की किती उतरवायचं, हे डॉक्टरबाईंनी मला ठरवून दिलं आहे. ते माझ्या अंगापुरतं आहे. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक युनिटही बदलू नका. साखरेच्या पुड्या दप्तरात, उशाखाली आणि स्वयंपाकघरात ठेवते. माझा एचबीए-वन-सीचा आकडा उतरला आहे. जगायला बरं वाटतं असे दिवस आता जास्त असतात. डॉक्टरबाईंच्या त्या एका प्रश्नाची मी ऋणी आहे, आणि शेवंताकाकूंच्या गुळाची.

पण पहिल्या डॉक्टरांवरचा माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटत नाही. चौदा वर्षांच्या मुलीची वही समोर घेऊन तिच्याशी न बोलता तिला चोर ठरवणं, हा उपचार नव्हे. आणि ज्या घरात पाळीवर पत्रक छापता येतं पण तारीख उच्चारता येत नाही, त्या घरातलं काम अर्धंच झालेलं असतं. ते आमचं घर होतं.

म्हणून विनंती करते. तुमच्या घरात, भावकीत, वर्गात, तपासणीच्या खोलीत इन्सुलिन घेणारी मुलगी असेल तर या आठवड्यात तिच्या वहीत पाळीचा एक रकाना आखा. डॉक्टर असाल तर बापाला बाहेर बसवा आणि तिलाच विचारा. बाप असाल तर हे काम आईवर ढकलू नका, तुम्ही स्वतः विचारा. ती खाली बघेल. तुमचीही जीभ अडखळेल. लाज वाटली तर लाजत विचारा, पण तिला अजून तुम्हाला खरं सांगता येतंय तोवर विचारा.