कीपरची केळवणं

सिंगापुरात आमच्या मराठी मंडळींची एक क्रिकेट टीम होती. रविवारच्या लीगमध्ये ती सगळ्यात खालच्या गटात खेळायची आणि त्या गटातही बहुतेक खालीच असायची. बँकेतले, अकाउंट्समधले, आयटीतले चाळिशीच्या आगेमागे असलेले पुरुष. आठवडाभर खुर्चीत बसायचे आणि रविवारी एकदम पळायला जायचे, मग सोमवारी जिना उतरताना कठडा धरायचे. माझा नवरा या टीमचा विकेटकीपर. टीम निघाली त्या दिवसापासून तोच.

नवऱ्याबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. हा माणूस घरात बोलत नाही. भांडण नाही, राग नाही, नुसता बोलत नाही. लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, शांत आहे, सुखात राहशील. शांत म्हणजे किती शांत हे तिला तरी काय माहीत. आमच्या बिशानच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी पंख्याचा आवाज त्याच्यापेक्षा जास्त असायचा. पण हाच माणूस एकदा का ग्लोव्हज घालून स्टंपमागे बसला की त्याला कंठ फुटायचा. समोर तमिळ असो, श्रीलंकेचा असो की ऑस्ट्रेलियन, याची टकळी मराठीतून चालू. "अरे, बॅट धरलीय की लाटणं? याला जरा बाहेर टाक, हात शिवशिवतायत याचे. बघ, बघ, आता वर उचलणार." समोरच्याला ओ की ठो कळायचं नाही आणि आमचे दहाजण खुसुखुसू हसायचे.

मी दर रविवारी मैदानावर जायचे. झाडाखाली चटई टाकायची, शेजारी गार पाण्याचा मोठा थर्मास, डब्यात पोहे. मला क्रिकेटची फार आवड आहे असा सगळ्यांचा समज होता. मला एलबीडब्ल्यू अजूनही नीट समजलेलं नाही. मी जायचे ते नवऱ्याचा आवाज ऐकायला. हे तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगणार कसं? आणि ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी तर त्याची बँक दुसऱ्या बँकेने गिळली होती, त्याच्या डोक्यावर त्याच्याहून बऱ्याच लहान वयाचा साहेब आणून बसवला होता, आणि घरातली उरलीसुरली वाक्यंही आटली होती. रविवार गेला असता तर माझ्याकडे काय राहिलं असतं याचा विचार करायलाही मी तयार नव्हते.

आणि नेमका त्याच वर्षी तो मुलगा आला.

बातमी आणली कॅप्टनने. कॅप्टन टॅम्पिनीसला राहायचा, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि टीमही ऑफिससारखीच चालवायचा. त्याच्या पुण्यातल्या भावाने फोनवर सांगितलं की युनिव्हर्सिटीकडून खेळलेला, राज्याच्या तरुणांच्या संघातून खेळलेला एक मुलगा शिकायला सिंगापूरला येतोय. क्लेमेंटीला खोली घेतलीय. "बॅटिंग काय विचारू नका," कॅप्टन म्हणाला, "आणि कीपर आहे, कीपर." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग एकेकाने हळूच माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "छानच की. माझे गुडघे सुटतील." हे त्याच्या मानाने भाषणच होतं. मी मात्र मनात उरलेले रविवार मोजायला लागले.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला आम्ही बायका केळवण म्हणायचो. लग्न ठरलेल्या मुलाला नातेवाईक घरोघरी जेवायला बोलावतात ना, तसं. पहिलं केळवण अर्थातच कॅप्टनकडे. मुलगा बिचारा क्लेमेंटीहून एमआरटी मेट्रोत बसून बेटाच्या या टोकाहून त्या टोकाला गेला. तिथे अळूची भाजी, मसालेभात, जिलेबी. जिलेबी सेरंगूनच्या दुकानातून आणलेली, पण ती घरी केलेली आहे हा समज कॅप्टनच्या बायकोने कुणाचा खोडला नाही. मुलाने पहिल्याच घासाला कॅप्टनला "काका" म्हटलं. कॅप्टन स्वतःला तिशीतला समजायचा. त्याने तो घोट गिळला, टीमसाठी. मग ओपनिंग बॅट्समनकडे थालीपीठ, फास्ट बोलरकडे कोंबडी, आणखी कुणाकडे भरली वांगी. घराघरांत चढाओढ लागली. भारतातून येणाऱ्यांना गोडा मसाला आणायला सांगण्यात आलं. हात धुऊन मागे लागलो होतो आम्ही त्या पोराच्या.

आमच्याकडेही आला. मी त्याच्यावर राग धरायचं पक्कं ठरवून पुरणपोळ्या केल्या होत्या. पण तो राग धरता येण्यासारखा मुलगाच नव्हता. दारात चपला नीट लावून आला, माझ्या मुलीला तिच्या गेमबद्दल चार प्रश्न विचारले, तिने नेहमीसारखी इंग्रजीत उत्तरं दिली तर तोही इंग्रजीत शिरला. "काकू, बास, खरंच बास," म्हणत तीन पोळ्या खाल्ल्या आणि उठून ताट घासायला निघाला. घरापासून दूर आल्यावर मुलं जशी जेवतात तसा जेवला तो, डोळे खाली घालून, मन लावून. मला आतून वाईट वाटलं आणि मी त्याच्या पोळीवर आणखी तूप घातलं.

जेवणानंतर नवरा उठून किचनच्या खिडकीशी गेला. बाहेर कपडे वाळत घालायच्या बांबूच्या टोकाला त्याचे ग्लोव्हज चिमट्यांनी लटकवलेले असायचे, कारण घरात ठेवले तर त्यांचा वास मुख्य दारापर्यंत यायचा. आदल्या दिवशी त्याने ते घासूनपुसून तेल लावून ठेवले होते. मी काही विचारलं नव्हतं. मला माहीत होतं तो ते या मुलाला देणार आहे. त्याने ते आणून मुलाच्या हातात ठेवले. मी दारात उभी, हातात ताक.

"हे माझे ग्लोव्हज," नवरा म्हणाला.

मुलाने एक ग्लोव्ह घालून बघितला, मूठ उघडली, मिटली. "मस्त मऊ झालेत, काका. किती वर्षं वापरताय?"

"बरीच," नवरा म्हणाला.

आणि संपलं. पुढचं वाक्य, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते काही त्याच्या तोंडून बाहेर पडलं नाही. मुलाने ग्लोव्हज काढून अदबीने परत दिले. नवऱ्याने ते परत बांबूला अडकवले. मी ताक दिलं. त्या रात्री मला वाटलं, देईल मैदानावर, सगळ्यांसमोर. निदान एवढं तरी त्याच्या मनासारखं होऊ दे.

लीगचा नवा हंगाम आठवड्यावर आला होता. सरावाला मुलगा कधी आला नव्हता, अभ्यासात असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. शेवटच्या सराव सामन्याला विजांचा इशारा देणारा भोंगा वाजला आणि अंपायरने सगळ्यांना मैदानाबाहेर काढलं. आम्ही शेजारच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलांशी जमलो. तिथे बसल्या बसल्या कॅप्टनला आठवलं की नव्या जर्सी शिवायला टाकायच्या आहेत. त्याने मुलाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून स्पीकर चालू केला.

"अरे, जर्सीचं माप सांग तुझं. लार्ज की एक्स्ट्रा लार्ज? केळवणांनंतर एक्स्ट्राच लागेल."

"कसली जर्सी, काका?"

"आपली. टीमची."

मग तो फार हळू, फार चांगल्या रीतीने म्हणाला, "काका, मी इथल्या कॉलेजच्या मुलांच्या टीमला हो म्हटलंय. लॅबमधल्या एकाने विचारलं, रविवारी मोकळा आहेस का. मी म्हटलं, आहे."

"अरे, पण आम्ही... एवढे दिवस तुला घरोघरी..."

"हो, काका. मला वाटलं, मी घरापासून लांब आहे म्हणून तुम्ही सगळे जेवायला बोलवताय. टीममध्ये ये असं कुणी बोललंच नाही. आणि तुमच्याकडे कीपर आहेत की. बिशानच्या काकांनी मला त्यांचे ग्लोव्हज दाखवले. मला वाटलं, जागा भरलेली आहे हे ते सांगतायत."

कॅप्टनने फोन ठेवला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणी विचारलं होतं? कॅप्टन म्हणाला, ओपनरकडे विषय निघाला असेल असं मला वाटलं. ओपनर म्हणाला, तो तर तुमच्याकडेच ठरला ना. फास्ट बोलर म्हणाला, "विचारायचं काय त्यात? पुण्याचा आहे, आपला आहे." खरंच कुणी विचारलं नव्हतं. पोटभर जेवू घातलं होतं, आग्रह करकरून वाढलं होतं, त्याच्या आजोळची चौकशी केली होती, पण साधा एक प्रश्न घरातल्या माणसाला काय विचारायचा म्हणून सगळ्यांनी सोडून दिला होता.

मग सुतक सुरू झालं. कपाळाला हात लावून कॅप्टन टेबलावर बसला. कुणी म्हणालं, आजकालच्या पोरांना आपलं-परकं काही राहिलं नाही. कुणी म्हणालं, या वर्षी वरच्या गटात गेलो असतो, आता विसरा. कॅप्टनच्या बायकोने जिलेबीचा हिशेब काढायला सुरुवात केली, तेव्हा तिला सगळ्यांनी गप्प केलं. मी पोह्यांच्या डब्याचं झाकण उघडून परत लावलं, कारण मला माझा चेहरा लपवायला काहीतरी हवं होतं. माझा जीव भांड्यात पडला होता. इतकं हलकं मला नवऱ्याची बँक गिळली गेल्यापासून वाटलं नव्हतं, आणि समोर दहा पुरुष मयताला बसल्यासारखे बसले होते.

तेवढ्यात माझी मुलगी, बारा वर्षांची, हातातल्या गेममधून मान वर न काढता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "देन बाबा कीप, लाह. सेम सेम."

सगळ्यांनी नवऱ्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले. "बघू," तो म्हणाला, "गुडघा काय म्हणतो ते बघायला लागेल."

आणि मग गंमत अशी झाली की सुतक फिटायला फार वेळ लागला नाही. ओपनर म्हणाला, तसं त्या मुलाला ओपनिंगलाच पाठवावं लागलं असतं, म्हणजे मग मी कुठे, असो. फास्ट बोलरला एकदम आठवलं की इतक्या चांगल्या कीपरला आपली बोलिंग अपमानकारक वाटली असती. कॅप्टनने बराच विचार करून सांगितलं की मैदानात सगळ्यांसमोर "काका, मिड-ऑफला जा" असं ऐकायची आपली तयारी नव्हती. तिथे कुणीतरी पहिल्यांदा हसलं. मी पोहे वाढायला घेतले तर डबा कमी पडला. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाची काही ना काही सुटका झाली होती, आणि ती ज्याने त्याने तोपर्यंत आतल्या आत धरून ठेवली होती.

त्याच हंगामात कॉलेजच्या मुलांशी आमची मॅच पडली. टॅम्पिनीसच्या बाजूच्या मैदानावर. मुलगा बॅटिंगला आला, माझ्याकडे बघून हात हलवला, स्टंपसमोर उभा राहिला. मागे माझा नवरा बसला आणि सवयीने सुरू झाला, "आता हा बघा, तीन पोळ्या खाऊन गेलाय, पळणार कसा ते बघू."

आणि त्याला कधी नव्हे ते उत्तर आलं. "काका, चौथी काकूंनी आग्रहाने वाढली असती तर आज बसून मारलं असतं."

नवरा अर्धवट उठून त्याच्याकडे बघायला लागला. इतक्या वर्षांत समोरून मराठी त्याने ऐकलंच नव्हतं. मग जे दोघे सुटले ते सुटलेच. बोलर धावत यायचा तोवर यांचं चालू, चेंडू सीमेपार गेला की परत चालू. मुलाने आमच्या बोलिंगची चटणी केली. असला खेळ आमच्या गटात कुणी बघितलाच नव्हता. अंपायरने दोघांना दोनदा ताकीद दिली. आम्ही सणसणीत हरलो. मी चटईवर बसून प्रत्येक शब्द ऐकला, जे ऐकू आलं नाही ते त्यांच्या हसण्यावरून लावून घेतलं, आणि मला रडू आलं तेव्हा डोळ्यात सनस्क्रीन गेलं असं शेजारणीला सांगितलं.

परतताना सिटी हॉलला गाडी बदलली. मुलगी कानात गाणी घालून झोपलेली. नवऱ्याने किटबॅग पायांत धरली होती, ग्लोव्हजचा वास सगळ्या डब्याला येत होता, समोरची बाई सरकून बसली.

"तू लांबून काय बघितलंस," तो म्हणाला. "मी हातभर अंतरावरून बघितलं. चेंडू पडायच्या आधी त्याचा पाय पोचलेला असायचा. मी कीपिंग विसरून बघतच बसलो. तो तिसरा चौकार आठवतोय का तुला, कव्हरमधून गेला तो?"

मला आठवत नव्हता. मी म्हटलं, "सांग ना."

तो सांगायला लागला. हात हवेत नेऊन, कोपर कुठे होतं, मनगट कुठे होतं. नोव्हेना गेलं, टोआ पायो गेलं. मग आमचं बिशान आलं, दार उघडलं. तो सहाव्या चौकारावर होता, दाराकडे त्याची पाठ होती. मी मुलीला उठवलं नाही. दार बंद झालं आणि आम्ही पुढच्या स्टेशनाकडे, आंग मो किओकडे निघालो.