नडगीतला माल

उंब्रजला आमच्या शेजारी राहणारे गवंडीमामा माणसाच्या देहाकडे बांधकाम म्हणूनच पाहत. कुणाला ताप आला की ते म्हणत, ओल धरली. टक्कल पडलेल्याला छप्पर शाकारायचा सल्ला देत. भाच्यासाठी मुलगी पाहायला गेले, तेव्हा तिच्या वडिलांसमोरच म्हणाले, "पाया बरा हाय." ते लग्न जमलं नाही.

सत्तरच्या दशकात मामा परांचीवरून पडले. नडगी मोडली आणि हाडात पू झाला. मामी आणि मी त्यांना मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सडका भाग खरवडून काढला आणि पोकळीत प्लास्टरच्या जातीचे पांढरे दाणे भरले. हाड भरून आलं तर ठीक, नाहीतर पाय काढावा लागेल, असंही सांगितलं. मामांचा गोंधळ तिथून सुरू झाला. त्यांच्या लेखी प्लास्टर म्हणजे गिलावा, आणि तो बाहेरून करतात.

"माल एकास किती धरला?" सिमेंट-वाळूचं प्रमाण विचारावं तसं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मामींकडे.

"हे दाणे तीनेक महिन्यांत विरघळतील," डॉक्टर म्हणाले.

"विरघळत्याल? आन् मंग भरलं कशाला?"

उत्तर पुरतं ऐकण्याआधीच मामांनी निष्कर्ष काढला होता. घरी आल्यावर त्यांनी पाणी कमी केलं, चहा बंद केला. मामी कावल्या, "आवं, तोंड सुकलंय, घोटभर तरी घ्या."

"गप गं. माल वाहून जाईल."

मी समजवायला गेलो. दाणे जातात, त्यांच्या जागी आपलं हाड येतं.

"त्ये कुठनं येतंय?"

"पायातूनच."

"पायात हुतं, तर भोक कशाला पडलं रं?"



अडीच महिन्यांनी मिरजेला एक्स-रे काढला. फिल्मवर दाणे जवळपास दिसेनासे झाले होते. मामांचा चेहरा उतरला. "गेला माल. काढा पाय."

डॉक्टरांनी पोकळीच्या कडेनं आत सरकलेला पांढुरका पट्टा दाखवला. ते नवं हाड होतं, मामांचं स्वतःचं. मामांनी फिल्मवरच्या त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"म्हंजी त्यो माल न्हवताच. सेंटरिंग हुतं, स्लॅबखालच्या फळ्या. स्लॅब धरला की काढायचंच."

आता डॉक्टर गोंधळले. "बहुतेक," ते म्हणाले.

पाय वाचला, पण मामा पुन्हा परांचीवर चढले नाहीत. वर्षभरानं शेवटची फिल्म काढली, तेव्हा दाणे नेमके कुठे भरले होते हे डॉक्टरांनाही बोट ठेवून सांगता येईना. मामांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, खालून वर, वरून खाली पाहिली. दुसऱ्याच्या कामाला त्यांनी नावं ठेवली नाहीत, असं मी तेवढं एकदाच पाहिलं.

"जुन्या-नव्याचा सांधा घावत न्हाई रं," ते हळूच म्हणाले.