गिटारीचा खोडवा

गिटार वाजवणाऱ्या माणसाची घरच्यांनी आपलं ऐकावं एवढीच माफक इच्छा असते, आणि नेमकी तीच पुरी होत नाही. मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात मालाच्या गाड्यांचं वेळापत्रक बघतो आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवतो. इतक्या वर्षांत माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, माझं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. वडीगोद्रीच्या घरी मी गिटार पिशवीतून काढली की त्यांना विहिरीवरची मोटार आठवायची. एकदा तर लाईट गेलेली असताना आठवली. मी हसण्यावारी न्यायचो, पण मला ते फार लागायचं.

मागच्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका मित्राने मला पेचात टाकलं. माझ्याकडे लूपर पेडल होतं. पायाने दाबायची डबी ती. एकदा दाबली की आपण वाजवतो ते धरून ठेवते, पुन्हा दाबली की तेच गोल गोल वाजवत बसते, आणि आपण त्यावर दुसरं काही वाजवायचं. एकट्या माणसाची जुगलबंदीची सोय. मित्राकडे होतं ग्रॅन्युलर पेडल. ते आवाजाचे बारीक बारीक दाणे करतं आणि मागेपुढे उधळतं. एक साधा सूर दिला तरी चिमण्यांची शाळा सुटल्यासारखा गलका होतो. मित्र म्हणाला, आठ दिवस दोन्ही ठेव, आवडेल ते तुझं, दुसरं माझं. माझं काही ठरेना.

शनिवारी गावाकडे निघायच्या आधी अण्णांचा फोन आला. "काय आणून राह्यला?"

मी मोबाईल खांद्यात धरून वायरी गुंडाळत होतो. म्हणालो, "नवीन ग्रॅन्युलर हाय. जुन्याच्या शेजारी लावून बघतो, कोणतं चांगलं ते."

अण्णा कधी नव्हे इतक्या गोड आवाजात म्हणाले, "ये ये, जल्दी ये." मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बियाणे कंपनीतला पोरगा ग्रॅन्युलर आणतोय आणि शेजारी शेजारी लावून बघतो म्हणतोय, याचा आमच्या गावात एकच अर्थ होतो. आजवर मी गावाला कंपनीच्या कॅलेंडरापलीकडे काही दिलं नव्हतं. आता पोचलो तर अंगणात ताडपत्री अंथरलेली, तिच्यावर सहा-सात शेतकरी मांडी घालून बसलेले, आणि मधोमध धुतलेली टोपी घातलेले अण्णा. शेजारच्या तात्यांनी तर नव्या दाणेदार खताचा नमुना न्यायला घरून घमेलं आणलं होतं.

मी गिटार काढली.

"हे काय?" तात्या म्हणाले.

"लावायचं म्हन्लो ना," मी म्हणालो. "वायर."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी पाचावर धारण बसली. चारचौघांत त्यांची शोभा झाली होती आणि ती मी केली होती. पण बोलावलेल्या माणसांना तसंच उठवून लावणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "दाखव मंग. दोन्ही दाखव. बराबर समजून सांग."

तर हा माझा पहिला जाहीर कार्यक्रम. आधी छोट्या स्पीकरला ग्रॅन्युलर लावलं आणि एक सूर छेडला. त्याचे दाणे असे तडतडले की तात्यांनी वर ओसरीच्या पत्र्याकडे बघितलं.

"एकरी किती लागतं?" मागून एकाने विचारलं. त्यांना बहुतेक अजून कोणी काही सांगितलंच नव्हतं.

मी म्हणालो, हे आवाजाचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकडा आपापला वाजायला लागतो.

"म्हंजे बेणं," तात्या म्हणाले. "उसाच्या कांड्या तोडून लावल्या की जिथं तिथं कोंब."

कित्येक महिने इंटरनेटवर वाचूनही मला हे इतकं नीट सांगता आलं नसतं.

मग लूपर लावलं. एक छोटा तुकडा वाजवला, डबी दाबली आणि हात वर केले. गिटार वाजतच राहिली. दोघं जण पुढे सरकून माझी बोटं तपासू लागले.

"हा खोडवा," अण्णा म्हणाले. "लागवड एकदाच. तोडला तरी बुडख्यातून परत येतो."

झालं, दोन पक्ष पडले. खोडव्याला खर्चा कमी, असं अण्णांचं म्हणणं. तिसऱ्या खोडव्याला जोर राहत न्हाई, बेणंच घ्यावं, असं तात्यांचं. आवाज चढले. माझ्या पेडलचा निकाल लागत होता आणि मला कोणी विचारत नव्हतं. मी म्हणालो, "अण्णा, पण गाण्याच्या हिशोबानं..."

"तू थांब जरा," अण्णा म्हणाले. "तुला शेतीतलं कळत न्हाई."

आईने चहा दिला, तो पिऊन मंडळी भांडत भांडतच पांगली. तात्या रिकामं घमेलं काखेत मारून गेले. मी आत जेवायला बसलो. भाकरी, ठेचा, आईच्या चौकश्या, यात चांगला अर्धा तास गेला आणि लूपर बंद करायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

हात धुऊन बाहेर आलो तर ताडपत्रीवर अण्णा एकटेच होते. माझा तो तुकडा अजून गोल गोल फिरत होता आणि ते गुडघ्यांना हातांची मिठी घालून त्या डबीकडे बघत बसले होते. मला ओशाळल्यासारखं झालं.

"अण्णा, पिन काढून टाकायची की. कवाचं वाजून राह्यलं."

"काढली असती," अण्णा म्हणाले. "पन मधीच कसं उठावं मानसानं? तू वाजवून राह्यल्ता ना."